गोडाची ओळ

खाडीकाठच्या तळवलीला राहायला आलो तेव्हा माझ्या आईला सगळ्यात जास्त त्रास झाला तो वासाचा. आमच्या दोन खोल्यांसमोर घरमालकीण ठमाबयचं अंगण होतं. त्या अंगणात दोरीवर बोंबील आणि चटईवर जवळा सुकत टाकलेला असे. आई साताऱ्याकडच्या कोरेगावची, माळकरी घरातली. पहिले काही दिवस ती पदराचं टोक नाकाशी धरूनच भाकरी थापायची, एका हातानं, त्यामुळे भाकऱ्या वेड्यावाकड्या व्हायच्या आणि दादा, म्हणजे माझे वडील, त्या मुकाट्यानं खायचे. दादा वाशीच्या मार्केटात कांद्याबटाट्याची पोती उचलायचे. संध्याकाळी घरी आले की आधी खांद्यावरचा पंचा झटकायचे, त्यातून कांद्याचा पातळ लालसर पाचोळा जमिनीवर पडायचा, आणि आई तो झाडूनं गोळा करायची. आमच्या घराला कांद्याचा वास होता, समोरच्या घराला मासळीचा. दोन्ही घरांना आपापला वास येत नव्हता.

ठमाबय सगळं बघत होती, पण काही बोलली नाही. ती बोलली ती शेजारच्या घरच्या हळदीला, आणि तेही गाऊन. ठमाबय धवलारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात भटजी यायच्या आधीपासून धवलारीण लागते. तांदूळ निवडण्यापासून नवरीला निरोप देईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ असतं आणि तिनं ते म्हटल्याशिवाय विधी पुरा होत नाही. गाण्याला वाद्य नसतं. बाई बसते, डोळे अर्धे मिटते आणि संथ, लांब सुरात गाते. पण हळदीच्या दिवशी, विधी झाल्यावर, तीच धवलारीण चिडवायची गाणी काढते, आणि तेव्हा मांडवात कोणाचीच धडगत नसते. त्या दुपारी आई आणि मी मांडवाच्या कडेला अंग चोरून बसलो होतो. ठमाबयनं आमच्याकडे पाहिलं आणि सुरू केलं:

सातारची पाव्हनी आयली गो, नाक पदरान,
बोंबील बोलतो मी सुकलू गो, तुझे रागान.

सगळा मांडव आईकडे बघून हसायला लागला. आईचा चेहरा लालबुंद झाला. ती माझा हात धरून उठली, तोच ठमाबय समोर येऊन उभी राहिली. तिच्या मुठीत गुळाचा खडा होता. तिनं तो आईच्या तोंडात सारला आणि त्याच चालीवर शेवटची ओळ म्हटली:

बोललू ते हसन्यावारी गो, मनान नको ठेवू,
आमचीच तू हायेस बाय, ये तोंडान गूळ देवू.

तोंडात गूळ असताना माणसाला भांडता येत नाही. आईनं तो चघळला, डोळे पुसले आणि शेवटी तीही हसली. मासळी तिनं शेवटपर्यंत खाल्ली नाही. पण पुढं कधी अवचित आभाळ भरून आलं तर ठमाबयची जवळ्याची चटई सगळ्यात आधी आईच उचलून आत घ्यायची, दोन्ही हातांनी.

त्या शेवटच्या ओळीला ठमाबय गोडाची ओळ म्हणायची. तिचा नियम होता आणि तो ती प्रत्येक नव्या मुलीला सांगायची: ज्याला चिडवायचं त्याला डोळ्यांसमोर बसवायचं, आणि गूळ हातात घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. मी एकदा विचारलं, ‘‘आजी, सगळ्यांनाच का चिडवायचं? गरीब बिचाऱ्या पाहुण्यांना सोडावं की.’’ ती म्हणाली, ‘‘ज्याला चिडवत नाय तो परका, गो. त्याला चा पाजायचा नि वाटं लावायचा.’’

माझ्यावर तर तिनं किती ओळी केल्या त्याची गणतीच नाही. मी वाशीच्या कॉलेजात जात होते. आमच्या घरात, आईच्या माहेरी-सासरी कुठंच, त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दादांना सही यायची, आईला तीही नाही. कोरेगावच्या शाळेतल्या बाईंनी मला नीटनेटकं लिहायला शिकवलं होतं. वाक्य कसं सुरू करावं आणि कसं ठाम संपवावं, हे त्या फळ्यावर काढून दाखवायच्या. त्यांचं आणि ठमाबयचं माझ्यावर ऋण आहे, आणि आज लिहिताना हे दोन्ही ऋण एकमेकांच्या आड येतात. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ठमाबय अंगणात उखळात काही कांडू देत नसे. बायका गाणी बसवायला आल्या तर तोंडावर बोट ठेवून त्यांना मागच्या दाराला न्यायची. ‘‘मास्तरीन आभ्यास करते, तिचं डोकं फुटल,’’ म्हणायची. मी मास्तरीण होणार हे तिनंच आधी ठरवलं होतं. मी तिची गाणी वहीत उतरवून घ्यायचे. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती पान हातात धरून बघायची आणि विचारायची, ‘‘ह्यान गोडाची ओळ कुठं हाय? दाव.’’ मी बोट ठेवलं की तीही त्या जागेवर बोट ठेवायची.

गावामागे रंगाचा कारखाना होता. त्याचा भोंगा दिवसातून तीनदा वाजायचा आणि आमची घड्याळं त्यावर लावलेली असायची. त्याचं पाणी एका नळीतून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जायचं. नाला आज लाल, परवा निळा, आणि आम्हा मुलांना त्याची मौज वाटायची. मग मासे मरून कडेला लागायला लागले. कोळंबीला एक कडवट वास यायला लागला, आणि मार्केटात ‘‘तळवलीची का? नको,’’ असं ऐकावं लागायला लागलं. गावातल्या पुरुषांनी अर्ज केले, शिष्टमंडळं नेली. ते दिवस तसे सगळीकडेच अस्वस्थ होते. मुंबईत गिरण्या गेलेल्या, आमच्या बाजूच्या औद्योगिक पट्टीतले कारखाने एकेक करून टाळेबंदीत जात होते, आणि मध्ये तर शहर असं पेटलं होतं की दादांचं मार्केटही काही दिवस ओस पडलं होतं. अशा वेळी एका खाडीच्या पाण्याकडे कोण बघणार? कारखान्याचं एकच म्हणणं होतं, आमची नळी बंद असते, रंग दुसरीकडून येतो.

एका सकाळी खाडी पिवळीधमक झाली. बायका काठावर जमल्या, कोणी रडत होत्या, कोणी शिव्या देत होत्या. ठमाबय घोट्याभर पाण्यात उतरली आणि म्हणाली, ‘‘हळद लागली गो हिला. मंग नवरा कोन ते बघाया नको?’’ आणि ती तशीच ओल्या पायांनी कारखान्याच्या गेटाकडे निघाली. तिच्यामागं बायका, आणि बायकांमागं वही घेऊन मी. गेटासमोर रस्त्याकडेला पोतं अंथरून त्या बसल्या. ठमाबयनं गायला सुरुवात केली:

आमचे खाडीला हळद लागली गो, हळद कोनी धाडली?
गेटाचे आतले साहेबानं गो, नळीतून सोडली.
नवरा लपला काचेचे घरान गो, वऱ्हाड उभं उन्हान,
लाजू नको रे नवरदेवा, ये ना मांडवान.

पहिल्या दिवशी वॉचमन हसला. दुसऱ्या दिवशी पाळी सुटलेले कामगार थांबून ऐकायला लागले. तिसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली. हवालदार काठी आपटत पुढे आला, ‘‘ओ मावशी, उठा, रस्ता मोकळा करा, हे काय लावलंय?’’ ठमाबय म्हणाली, ‘‘लगीन लावलंय. तू नवऱ्याकडचा का नवरीकडचा?’’ बायका हसत सुटल्या. हवालदाराला हसू आवरेना, त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि झाडाखाली जाऊन बसला. हसणाऱ्या बाईला उचलून गाडीत घालणं पोलिसांनाही जमत नाही. घोषणा दिल्या असत्या तर तासाभरात आम्हाला उठवलं असतं. आम्ही तिथं सव्वा महिना बसलो. सकाळी दहाला जायचं, सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. आई माझ्याबरोबर बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा द्यायची. तो खाऊन त्या बायका ‘‘सातारा पेटला गो!’’ म्हणत जिभा बाहेर काढायच्या आणि पुन्हा मागायच्या.

एक दिवस खरंच तो काचेच्या केबिनमधला साहेब बाहेर आला. बाहेरगावचा, गोरा, नाकावर चष्मा. त्यानं काहीतरी समजावून सांगायला सुरुवात केली. ठमाबयनं सगळं गाणं त्याच्या तोंडावर म्हटलं, एकही शब्द न गाळता. त्याचे कान तापलेले मला दिसत होते. आणि मग तिनं गोडाची ओळ म्हणत गुळाचा खडा पुढं केला. साहेब गोंधळला. मागं वॉचमन, कामगार, हवालदार, सगळे बघत होते. त्यानं तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी गेटाबाहेर पिण्याच्या पाण्याचं पिंप आलं, आणि आठवड्यानं निरोप आला की सरकारी खात्याची माणसं तपासणीला येणार आहेत, गाववाल्यांनीही हजर राहावं. मला तेव्हा वाटलं, पिंप आणि तपासणी हे आमच्या टोचण्याचं यश आहे. गुळाचा त्यात काही वाटा असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता हरीचं सांगायला हवं. हरिश्चंद्र हा ठमाबयच्या धाकट्या बहिणीचा, गंगूमावशीचा मुलगा. गावातल्या मोजक्या पोरांना त्या कारखान्यात नोकरी मिळाली होती, त्यात हा एक. त्याचं काम सांडपाण्याच्या टाकीवर. नळी उघडायचं चाक फिरवायचा तो हरी. ‘‘साहेब बोलतो फिरव, मी फिरवतो,’’ असं तो सरळ सांगायचा. उंच, दात थोडे पुढे, सदा हसरा. मला बघितलं की सायकलची घंटी वाजवत ओरडायचा, ‘‘ए साताऱ्याचे मास्तरीन, माझी शाला तपास गो!’’ त्याचं लग्न ठरत आलं होतं. गंगूमावशीच्या हाताखाली सून येणार म्हणून तिनं घराला नवा रंग दिला होता. तो मात्र कारखान्यातला नव्हे, वाशीहून आणलेला, हे ती प्रत्येकाला बजावून सांगायची.

एका दुपारी मी अभ्यासाच्या वहीत हरीवर ओळी केल्या. शब्द माझे, बोली ठमाबयनं दुरुस्त केली:

हरीनं फिरवलं चाक गो, खाडी झाली लाल,
मासा मेला दारान गो, हरीचं फुगलं गाल.
आयनं रांधलं कालवन गो, हरी बोलं नाय चव,
तुझेच हातचं मीठ हरी, गुपचूप बसून जेव.

ठमाबय इतकी हसली की तिला खोकला लागला. ‘‘मास्तरीन, तू आमच्यान आयलीस आता,’’ म्हणाली. कोणत्याही परीक्षेच्या निकालानं मला इतका आनंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर हरी गेटातून बाहेर आला, बायकांनी त्याला घेरला, मध्ये बसवला आणि माझं गाणं त्याच्यावर म्हटलं. तो कान धरून बसून राहिला. शेवटी गोडाची ओळ आली तसा त्यानं लहान मुलासारखा आ वासला, ठमाबयनं गूळ टाकला, आणि तो चघळत चघळत म्हणाला, ‘‘मावशे, अजून एक गुळाचा खरा दे, मीठ जास्त झालेलं.’’ रोजचाच प्रकार झाला मग तो. पाळी सुटली की हरी आपणहून येऊन बसायचा. आणि असाच एकदा, तोंडात गूळ असताना, तो हळूच म्हणाला, ‘‘तपासनीचे दिवशी मी सांगीन. चाक कंच्या वेलेला फिरतं ते. वहीन लिवलेलं हाय माझे.’’ ठमाबयनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आमच्याकडे त्या एका पोराच्या शब्दाशिवाय दुसरा कसलाच पुरावा नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

कॉलेजात पथनाट्यं करणाऱ्या मुलांचा एक ग्रुप होता. मिलिंद त्यांचा म्होरक्या. मनानं चांगला, उत्साही मुलगा. त्याला कुठूनतरी आमच्या गेटावरच्या गाण्यांचं कळलं. ‘‘काय सॉलिड आहे हे, सुनंदा! टेम्पो काढू, माईक लावू, तपासणीच्या दिवशी सगळ्या गावांतून फिरवू. पत्रकं पण वाटू. एक काम कर, गाणी एका पानात बसव. सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल एकच आहे.’’ माझं लिहिलेलं छापलं जाणार होतं. मी दोन संध्याकाळ बसून सुवाच्य अक्षरात पान तयार केलं. खाडीची हळद, साहेबाचं गाणं, हरीचं गाणं. प्रत्येकाखाली गोडाची ओळ लिहिली तर पानात बसेना. काहीतरी काढायला हवं होतं.

मी एखादं कडवं काढू शकले असते. अक्षर बारीक करू शकले असते. पण मी गोडाची ओळ काढली, तिन्ही ठिकाणची. जागेचं कारण खरं होतं, पण तेवढंच नव्हतं. मला ती ओळ मुळातच पटत नव्हती. कोरेगावच्या बाईंनी शिकवलं होतं, शेवट ठाम हवा. आणि ज्यानं आपली खाडी नासवली त्याला ‘मनान नको ठेवू’ म्हणून विनवायचं? मला ते लाचार वाटलं. ठमाबय भाबडी आहे, शिकलेली नाही, तिचं गाणं मी नीट करते आहे, असं मला वाटलं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तेव्हा लाल पेनानं रेघ मारताना मला अभिमान वाटत होता. मिलिंदनं पान वाचलं आणि म्हणाला, ‘‘आता कसं धारदार झालं!’’ दादांनी एक पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि मार्केटात सगळ्या जोडीदारांना दाखवलं. ‘‘माझ्या पोरीनं लिवलंय,’’ म्हणायचे. ते स्वतः ते वाचू शकत नव्हते. घामानं त्याच्या घड्या विरल्या तरी त्यांनी ते टाकलं नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी टेम्पो निघाला. मी मागं पत्रकांचा गठ्ठा घेऊन उभी होते. बाकीची मुलं ढोलकी आणि डफ घेऊन, मिलिंदच्या हातात माईक. दोन गावं फिरून आम्ही तळवलीत शिरलो तेव्हा आमच्यामागं शंभरेक माणसं तरी जमली होती. आमच्याबरोबर धावणाऱ्या पोरांना गाणं पाठ झालं होतं. टेम्पो गंगूमावशीच्या घरासमोर थांबला. तो तिथंच का थांबला हे मला माहीत नाही. बहुधा रस्ता तिथं रुंद होता म्हणून. ठमाबय आणि बाकीच्या बायका सकाळीच गेटाकडे गेल्या होत्या; मावशी ओट्यावर बसून मासळी साफ करत होती. मिलिंदनं हरीचं गाणं सुरू केलं.

हरी गणवेश घालून बाहेर आला. हातात ती वही होती. आम्हाला पाहून तो हसला, ओट्याच्या पायरीवर बसला, नेहमीसारखे कान धरले. गर्दीतले बाहेरच्या गावांचे लोक त्याला ओळखत नव्हते. ‘‘हाच का तो? हाच?’’ असं एकमेकांना विचारत होते. गाणं पुढं सरकलं. ‘तुझेच हातचं मीठ हरी, गुपचूप बसून जेव.’ हरीनं मान वर केली आणि आ वासला. सवयीनं. तो गोडाची ओळ यायची वाट बघत होता. आणि मिलिंदनं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ‘हरीनं फिरवलं चाक गो...’

तो चेहरा मी आजतागायत विसरलेले नाही. तोंड उघडं होतं आणि डोळे आम्हाला शोधत होते. मला शोधत होते. दुसऱ्यांदाही तो थांबला, शेवटपर्यंत. दुसऱ्यांदाही ओळ आली नाही. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, ‘‘आईला विष घालतो साला!’’ पोरं ते ‘गुपचूप बसून जेव’ टाळ्या पिटत म्हणायला लागली. गंगूमावशीनं हातातली कोयती खाली ठेवली आणि मासळीची पाटी उचलून आत गेली. हरी हळूहळू उठला आणि तिच्यामागं गेला. दार लागलं. ओळ माझ्या तोंडात होती. माईक माझ्या हातात नव्हता, हे कारण मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. मागितला असता तर मिलिंदनं दिला असता. नसता दिला तरी माझा गळा होता. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं, की काहीतरी चुकतंय. नेमकं काय, ते मी गठ्ठा छातीशी धरून शोधत राहिले आणि टेम्पो हलला.

दुपारी कारखान्यात खात्याची माणसं आली. टाकीपाशी टेबल मांडलं होतं. हरीला बोलावलं. त्याच्या हातात वही नव्हती. ‘‘नळीचं चाक कधी फिरतं?’’ विचारलं. तो म्हणाला, ‘‘बंदच असतं.’’ ठमाबय पुढं झाली, ‘‘हरी, बाला, तू बोललास ना मना...’’ त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. ‘‘बंदच असतं साहेब,’’ पुन्हा म्हणाला. कागदावर तसं लिहिलं गेलं. काचेच्या केबिनमधला साहेब रुमालानं चष्मा पुसत होता. त्यालाही बहुधा दुसरंच काहीतरी अपेक्षित होतं.

घरी आल्यावर ठमाबयनं मला अंगणात बोलावलं. तिच्या हातात पत्रक होतं, कुठून तरी आलेलं. ‘‘वाच,’’ म्हणाली. मी वाचलं. हरीच्या गाण्याशी आले आणि थांबले.

‘‘आनि पुढं?’’

‘‘पुढं नाही, आजी.’’

‘‘नाय म्हंजे? कागद संपला?’’

‘‘मी काढली ती ओळ. बसत नव्हती.’’

तिनं पत्रक माझ्या हातून घेतलं आणि ज्या जागी गोडाची ओळ असायला हवी होती तिथं बोट ठेवलं. मग म्हणाली, ‘‘मंग हे गानं नाय गो. ही शिवी हाय. नि माझे तोंडची हाय.’’ ती रागावली असती तर मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तिनं पत्रकाची घडी केली, कमरेच्या पिशवीत ठेवली आणि जवळा पालथा घालायला लागली.

गेटावर आम्ही पुन्हा बसलो नाही. बसणार कशाच्या जोरावर? बायकाच येईनात. नाल्याला आणखी कित्येक वर्षं रंग येत राहिले. मासळीचा धंदा गेला, मग मासळी गेली, आणि शेवटी कारखाना आपल्याच कारणानं बंद पडला. आज तिथं काचेची उंच इमारत आहे आणि तिच्यापुढून जाताना मला दर वेळी ‘लाजू नको रे नवरदेवा’ आठवतं. हरीच्या मागं मात्र ते गाणं लागलं ते लागलंच. बसस्टॉपवर, दुकानात पोरं ते म्हणायची. त्याची ठरत आलेली सोयरीक मोडली. गंगूमावशीनं बहिणीशी बोलणं टाकलं. तिला वाटलं, गाणं ठमाचं, पाठवणारीही ठमाच. पत्रकातली रेघ माझी होती हे तिला सांगायला मी कधी गेले नाही. ठमाबयनंही सांगितलं नाही. काही महिन्यांनी हरी तळोज्याच्या एका कारखान्यात लागला, आईला घेऊन तिकडंच गेला. त्याचं लग्न तिथं झालं. धवलारीण दुसऱ्या गावाहून बोलावली होती. सख्खी मावशी गावची धवलारीण असताना.

मी पदवीधर झाले, मास्तरीण झाले, माझंही लग्न ठरलं. आईची इच्छा होती की हळदीला ठमाबयच हवी. ती आली. आम्ही साताऱ्याकडचे, आमच्यात धवलारीण नसते, तरी तिनं तिच्याकडची सगळी गाणी एकेक करून म्हटली, तांदळाचं, तेलाचं, हळदीचं. आवाज थकला होता पण सूर जागच्या जागी. हळद लागून झाल्यावर सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. आई पुढं सरकून म्हणाली, ‘‘आवं ठमाबाई, माझ्या लेकीला चिडवायची ऱ्हायलासा की!’’ ताटात गुळाची ढेप होती, सगळ्यांच्या समोर. ठमाबय उठली, गुडघ्यांवर हात टेकत. ‘‘गूळ नाय आनला गो आज,’’ म्हणाली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि चहा पिऊन निघून गेली.

ठमाबय जाऊन आता खूप वर्षं झाली. तिच्या पेटीत ते पत्रक मिळालं असं तिच्या सुनेनं मला सांगितलं. ती सून म्हणाली, ‘‘आय कधी कधी काढून बघायची, वाचता तर येत नव्हतं.’’ हे ऐकल्यावर मी हरीचा पत्ता मिळवला. शाळेतून लवकर निवृत्ती घेतली तेव्हापासून धीर गोळा करत होते. वाशीच्या मार्केटातून, जिथं दादांनी पाठ झिजवली तिथून, अर्धा किलो गूळ घेतला आणि तळोज्याला गेले. तिसऱ्या मजल्यावरचं नीटनेटकं घर. गंगूमावशीचा हार घातलेला फोटो. हरीचे केस गेलेत, पुढचे दात कवळीचे आहेत, सरळ. त्यानं मला लगेच ओळखलं.

‘‘या मॅडम. बसा,’’ तो म्हणाला. ‘‘पंखा लावू का तुम्हाला?’’

मी वाटेत सगळं जुळवून आणलं होतं. पान, स्टेन्सिल, लाल पेन. सांगितलं ते सगळं. तो मान हलवत ऐकत होता, पालकसभेत पालक ऐकतात तसा. ‘‘जाऊ द्या हो मॅडम. जुन्या गोष्टी,’’ म्हणाला. मी गुळाची पुडी पुढं केली. मला ती ओळ म्हणायची होती. पण समोरचा माणूस मला अहो-जाहो करत होता, आणि ती ओळ ‘तू’ म्हटल्याशिवाय होत नाही. मी नुसती पुडीच धरून राहिले. त्यानं पुडी दोन्ही हातांनी घेतली, आदरानं. ‘‘मला शुगर आहे. घरात देतो,’’ म्हणाला आणि पुडी टीव्हीशेजारी ठेवली. त्याच्या बायकोनं चहा आणला. बिस्किटं आणली. माझ्या पेन्शनची, गुडघ्यांची चौकशी झाली. त्यानं सगळं विचारलं.

निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला. ‘‘जिन्यात अंधार आहे, सांभाळून जा मॅडम.’’ मी दोन मजले उतरले आणि कठड्याला धरून थांबले. दार अजून लागलं नव्हतं, वर त्याची सावली दिसत होती. ए साताऱ्याचे मास्तरीन, एवढं जरी तो वरून ओरडला असता. थोड्या वेळानं कडी लागल्याचा आवाज आला, हलकाच, पाहुणा दूर गेल्यावर लावतात तसा.